बाटलीत काय शोधायचं, हे कोण ठरवतं?

विहिरीच्या पाण्याचा अहवाल हातात आला की माणूस आधी खालचा शिक्का बघतो. ‘पिण्यास योग्य.’ तेवढं वाचलं की जीव भांड्यात पडतो आणि कागदाची घडी कपाटात जाते. मी गेली बरीच वर्षं असे अहवाल वाचत आलेय. माझी नजर आता शिक्क्याआधी मधल्या एका ओळीवर जाते. ‘कीटकनाशके : आढळली नाहीत.’ त्या ओळीच्या शेजारी बारीक अक्षरात एक आकडा असतो, कधी कधी तोही नसतो. त्या प्रयोगशाळेच्या यंत्राला दिसू शकणारं सगळ्यात कमी प्रमाण म्हणजे तो आकडा. त्याला शोधमर्यादा म्हणतात. एका अहवालावर ती लिटरला १ मायक्रोग्रॅम होती आणि ज्या निकषाशी तुलना करायची होती तो होता ०.१. म्हणजे निकषाच्या आठ-नऊपट रसायन पाण्यात असतं, तरी त्या ओळीत ‘आढळली नाहीत’ असंच छापून आलं असतं. यात कुणी खोटं बोललं नव्हतं. यंत्राला दिसलं नाही, तसं त्यांनी लिहिलं. पण तो कागद घेऊन घरी गेलेल्या माणसाला काय समजलं? पाणी स्वच्छ आहे, एवढंच.

जे शोधलं नाही ते सापडत नाही, यावर कुणी वाद घालणार नाही. तरीही पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचा सगळा कारभार उलट गृहीत धरून चालतो. सापडलं नाही, म्हणजे नव्हतंच, असं मानून. माझा आक्षेप इथे आहे. तपासणी जास्त करा, यंत्रं महागडी आणा, हे सगळे सांगतात आणि ते बरोबरही आहे. पण त्याआधीचा प्रश्न कुणी विचारत नाही. पाण्याच्या नमुन्याच्या बाटलीत काय शोधायचं याची यादी कोण करतं आणि कशावरून करतं? ती यादी त्या पाण्याच्या वरच्या जमिनीवर काय फवारलं गेलं यावरून व्हायला हवी. आणि काय विकलं, कुठे विकलं हे सांगण्याची आणि ते शोधण्याचा खर्च उचलण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर हवी.

यादी चुकली की काय होतं, ते बांगलादेशानं भोगलंय. तळ्यांचं पाणी पिऊन पोरं हगवणीनं दगावत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून तिथे लाखो कूपनलिका खणल्या गेल्या. हेतू चांगला होता आणि नळीतून येणारं पाणी नितळ होतं. १९९२ मध्ये ब्रिटनच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं तिथल्या काही कूपनलिकांचं पाणी तपासलं, तेव्हा तपासायच्या घटकांच्या यादीत आर्सेनिक नव्हतंच. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, तिथल्या विहिरींमध्ये आर्सेनिक असल्याची नोंद झाली. मग जवळजवळ ५० लाख कूपनलिका तपासून त्यांची तोंडं रंगवली गेली, हिरवी चांगल्या पाण्याची आणि लाल वाईट पाण्याची. त्यातल्या सुमारे १४ लाख लाल निघाल्या. ते १९९२ चं सर्वेक्षण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेलं. २००६ मध्ये निकाल लागला, की सर्वेक्षण करणाऱ्यांवर त्या पाण्याच्या वापरकर्त्यांप्रती कायदेशीर जबाबदारी येत नाही. कायद्याच्या दृष्टीनं विषय तिथे संपला. मला मात्र तो निकाल वाचल्यापासून एकच गोष्ट खुपते. यादीतून काय गळलं याची जबाबदारी जर यादी करणाऱ्याची नसेल, तर मग ती कुणाची आहे?

आर्सेनिक निदान एकच मूलद्रव्य आहे. शेतात मारल्या जाणाऱ्या औषधांमधली रसायनं शेकड्यांनी मोजावी लागतात. (‘औषध’ हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. फवारा मारणारा त्याला औषधच म्हणतो, आणि ज्याला औषध म्हणायचं ते विहिरीत उतरून कुणाचं वाईट करील हे मनाला सहज पटत नाही.) त्यातली काही माती घट्ट धरून ठेवते, काही ती सोडून देते. रसायन मातीत किती दिवस टिकतं आणि मातीच्या कणांना किती चिकटतं, या दोन गोष्टी कळल्या की ते खाली उतरेल की नाही याचा बराचसा अंदाज बांधता येतो. १९८९ मध्ये गुस्ताफसन या शास्त्रज्ञानं याच दोन आकड्यांवरून एक निर्देशांक मांडला. तो २.८ च्या वर गेला तर रसायन भूजलाकडे झिरपणारं, १.८ च्या खाली राहिला तर न झिरपणारं. अ‍ॅट्राझीन हे तणनाशक या मापात सहज वरच्या गटात बसतं. डीडीटी कितीतरी खाली राहतं. ते मातीच्या कणांना असं चिकटून बसतं, की मातीबरोबर वाहत नदीनाल्यात जाईल, पण झिरपत खोलवर उतरणं त्याला सहसा जमत नाही.

आता जुन्या धाटणीच्या तपासण्यांच्या याद्या काढून बघा. डीडीटी, लिंडेन, आल्ड्रिन, डिल्ड्रिन अशी एका पिढीपूर्वीची नावं सगळ्यात आधी दिसतात. ती कुप्रसिद्ध आहेत आणि त्यांच्या चाचण्या बसलेल्या आहेत, म्हणून ती यादीत टिकली. त्यांना शोधू नका असं मी म्हणत नाही. पण विहिरीच्या पाण्यात उतरण्याचा ज्यांचा स्वभावच आहे अशी तणनाशकं आणि त्यांचे विघटित अंश (मातीत तुटून उरलेले तुकडे) अशा कित्येक याद्यांमध्ये नसतात. जगात सगळ्यात जास्त खपणाऱ्या तणनाशकाचंच बघा. ग्लायफोसेट पाण्यात इतकं सहज विरघळतं, की अनेक कीटकनाशकं एका झटक्यात पकडणाऱ्या नेहमीच्या चाचणीत ते हाती लागतच नाही. त्याची पद्धत वेगळी आणि पैसे वेगळे. वेगळं मागितलं नाही, तर ‘कीटकनाशके : आढळली नाहीत’ या ओळीत त्याची चौकशीच झालेली नसते. आणि हे अहवालात लिहिलेलं नसतं.

सगळं नीट करणाऱ्यांच्या हातूनही हे निसटतं. डेन्मार्कमध्ये पिण्याचं जवळजवळ सगळं पाणी जमिनीखालून येतं, आणि थोडी हवा देऊन, वाळूतून गाळून ते थेट नळाला सोडलं जातं. पाण्यावर फार प्रक्रिया करायची वेळच येऊ नये, असं त्यांचं धोरण आहे. १९८९ पासून त्यांनी देशभर भूजलाची पद्धतशीर देखरेख चालवली आहे. तिथे बीटच्या शेतातलं तण मारायला क्लोरिडाझोन वापरत. १९६४ मध्ये ते बाजारात आलं, १९९६ मध्ये त्याची विक्री थांबली. २०१७ मध्ये त्याचा एक विघटित अंश, डेसफिनाइल क्लोरिडाझोन, विहिरींच्या पाण्यात सापडला. एकदा यादीत घातल्यावर तो ठिकठिकाणी सापडत गेला आणि अनेक पाणीयोजनांना आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. वीस वर्षांत पाणी तपासलं गेलं नव्हतं असं नाही, दरवर्षी तपासलं जात होतं. हा अंश तेवढा यादीत नव्हता, जरी शेजारच्या जर्मनीत तो आधीच सापडलेला होता.

या गोष्टीत दोन धडे एकत्र आहेत. पहिला असा, की औषध मातीत गेल्यावर स्वतःच्या नावानं राहत नाही. सूक्ष्मजीव त्याचा एक तुकडा तोडतात, उरलेला तुकडा कधी मूळ रसायनापेक्षा जास्त टिकाऊ आणि जास्त पळपुटा निघतो. औषधाच्या बाटलीवरचं नाव शोधत बसलात तर तो निसटतो. दुसरा धडा काळाचा. भूजल सावकाश चालतं, कधी वर्षाला काही मीटर. आज उपसलेलं पाणी ज्या पावसाचं आहे, तो पाऊस आजोबांच्या शेतात पडलेला असू शकतो. त्यामुळे ‘आम्ही हे औषध कधीच बंद केलं’ हे उत्तर भूजलापुरतं उत्तर होत नाही. यादीत आजच्या दुकानातल्या बाटल्यांबरोबर तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या बाटल्याही हव्यात.

मार्टिनिक आणि ग्वादलूप या कॅरिबियन बेटांवर १९७२ ते १९९३ या काळात केळीच्या बागांमधल्या सोंडकिड्यांवर क्लोरडेकोन नावाचं कीटकनाशक टाकलं गेलं. याच रसायनानं अमेरिकेत होपवेल इथल्या कारखान्यातले कामगार आजारी पडले आणि १९७५ मध्ये तो कारखाना बंद झाला. म्हणजे इशारा मिळालेला होता. तरी बेटांवर ते पुढे अठरा वर्षं वापरलं गेलं, आणि पिण्याच्या पाण्याच्या झऱ्यांमधलं त्याचं अस्तित्व नेहमीच्या तपासणीत ठळकपणे पुढे आलं ते १९९९ मध्ये. आज तिथल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात ते आहे.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब. लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरली, तर रसायनाचा फक्त १ ग्रॅम १ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत आणून ठेवतो. विहिरीच्या काठावर बाटली फोडून फवाऱ्याची टाकी भरणं, टाकी धुऊन तेच पाणी तिथेच ओतणं, पाइपाचं टोक टाकीत बुडालेलं असताना मोटर बंद पडणं आणि टाकीतलं पाणी उलटं विहिरीत ओढलं जाणं, यातलं काहीही एकदा घडलं तरी ग्रॅमभर औषध सहज पाण्यात जातं. शेतात रीतसर फवारलेल्या औषधानं जे व्हायला वर्षं लागतील, ते काठावरच्या एका दुपारीत होतं.

आणि हे डोळ्यांना, नाकाला, जिभेला कळत नाही. खिशात मावणारं टीडीएस मीटर घेऊन ‘पाणी तपासलं’ म्हणणारे लोक भेटले की मला काळजी वाटते. ते यंत्र विरघळलेल्या क्षारांमुळे पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून लिटरला किती मिलिग्रॅम ते सांगतं. लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात ०.१ मायक्रोग्रॅम तणनाशक असेल, तर ते क्षारांच्या ५० लाखांव्या हिश्शाएवढं असतं. मीटरचा काटा त्यानं हलणार नाही. पाणी उकळून जंतू मरतात, पण यातली बहुतेक औषधं तशीच राहतात. वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात ती उलट थोडी दाटच होतात. क्लोरीनचाही भरवसा नाही. क्लोरपायरिफॉससारख्या कीटकनाशकाचं क्लोरीनमुळे अधिक विषारी ऑक्सॉनमध्ये रूपांतर होतं, हे प्रयोगशाळेत दिसून आलेलं आहे.

नमुना घेण्याबद्दलही दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण चांगली यादी वाईट नमुन्यानं वाया जाते. पंप चालू करून पहिलं पाणी सोडून द्यायचं. नळीत साचून राहिलेलं पाणी हे भूजल नव्हे. तापमान, सामू (पीएच) आणि विद्युतवाहकता थोड्या थोड्या वेळानं मोजत राहायची आणि तिन्ही आकडे स्थिर झाले की मग बाटली पुढे करायची. बाटली तपकिरी काचेची, कारण काही रसायनं उजेडात विघटित होतात आणि काही प्लॅस्टिकला चिकटतात. मग बर्फाच्या पेटीतून लगेच प्रयोगशाळेत, कारण ठरलेल्या दिवसांत पाण्यातून रसायनं वेगळी काढली नाहीत तर आकड्याला अर्थ उरत नाही. कुणी घाईघाईत शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून दोन दिवस गाडीच्या डिकीत ठेवलं, तर येणारा अहवाल त्या डिकीतल्या उन्हाचा असतो. आणि वेळ? उथळ विहिरीत औषध सगळ्यात जास्त दिसतं ते फवारणीनंतरच्या पहिल्या जोराच्या पावसानंतर. वर्षातून एकदा, सगळ्यांच्या सोयीच्या कोरड्या दिवसात घेतलेला नमुना बहुतेकदा चांगलंच बोलतो.

आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यातला एक तर खरोखर वजनदार आहे. लोक म्हणतात, दूषित पाण्यातले जंतू आज मारतात, ही रसायनं कदाचित तीस वर्षांनी काही करतील. मग हाती असलेला पैसा आधी कशावर खर्च करायचा? जागतिक आरोग्य संघटनाही सूक्ष्मजीवांचा धोका सगळ्यात वर ठेवते, आणि ते योग्य आहे. ज्या विहिरीत मैलापाणी झिरपतं, तिथे तणनाशकाची चर्चा नंतर. पण या युक्तिवादाचा शेवट बांगलादेशाच्या नळीशी होतो. तिथेही जंतूंचाच विचार झाला होता. जंतूंची चाचणी रोजची, स्वस्त आणि सगळीकडे हवी. रसायनांची चाचणी नेमकी आणि थोडक्या जागी हवी. सगळीकडे सगळं शोधा असं म्हटलं तर ती खरंच परवडणार नाही, आणि म्हणूनच यादी जमिनीवरून ठरवा असं मी म्हणतेय. दोनशे रसायनं कुठेही शोधण्यापेक्षा त्या परिसरात विकली गेलेली, झिरपणारी बारा रसायनं आणि त्यांचे विघटित अंश शोधणं स्वस्तही आहे आणि उपयोगाचंही.

दुसरा आक्षेप मर्यादेच्या आकड्याचा. अ‍ॅट्राझीनसाठी युरोपात मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम, अमेरिकेत ३, भारताच्या मानकात २ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत, विघटित अंश धरून, १००. रसायन तेच, लिटरही तोच. मग कुणाचं खरं? युरोपचा ०.१ हा आकडा विषशास्त्रातून आलेला नाही, ही गोष्ट उद्योगाची माणसं नेहमी सांगतात आणि ती खरी आहे. १९८० च्या युरोपीय निर्देशात तो आला तेव्हा ‘पिण्याच्या पाण्यात कीटकनाशक असूच नये’ असं म्हणायचं होतं, आणि त्या काळी मोजता येणारं किमान प्रमाण साधारण तेवढं होतं. माझ्या मते हीच त्या आकड्याची ताकद आहे. तो आजारी पडण्याची पातळी सांगत नाही. वरून काहीतरी खाली उतरतंय, एवढं तो वेळेत सांगतो. युरोपीय संघानं २००४ मध्ये अ‍ॅट्राझीनची मान्यता काढून घेतली ती भूजलातल्या याच इशाऱ्यावरून. शिवाय तिथे सगळ्या कीटकनाशकांची मिळून ०.५ अशी वेगळी मर्यादा आहे. माणूस एकेक रसायन वेगळ्या पेल्यातून पीत नाही, हे निदान तिथल्या नियमात उमटलंय.

यादी जमिनीवरून ठरवता येते का? येते, ठरवून झालेली आहे. कॅलिफोर्नियात जमिनीतल्या सूत्रकृमींसाठी डीबीसीपी नावाचं धुरीचं औषध वापरत. १९७७ मध्ये ते बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना वंध्यत्व आल्याचं कळलं आणि त्या राज्यात त्याचा वापर थांबला. दोन वर्षांत ते विहिरींच्या पाण्यात सापडायला लागलं. १९८५ मध्ये तिथे कायदा झाला. कोणती रसायनं झिरपू शकतात याची यादी त्यांच्या गुणधर्मांवरून करायची, ती जिथे वापरली गेली तिथल्या विहिरी तपासायच्या, सगळे निकाल एका जागी ठेवायचे. १९९० पासून शेतीतल्या प्रत्येक फवारणीची नोंद सक्तीची झाली. कुठलं औषध, किती, कधी आणि सुमारे एक चौरस मैलाच्या कुठल्या चौकटीत, हे सगळं त्यात येतं. डेन्मार्कनं १९९८ मध्ये आणखी एक चांगली गोष्ट सुरू केली. मान्यता मिळालेली औषधं नियमानुसार खऱ्या शेतांत वापरायची, त्या शेतांखालचं पाणी सतत तपासायचं, आणि औषध खाली उतरताना दिसलं की मान्यतेचाच फेरविचार करायचा. तिथे औषधाचा पाठलाग शेतापासूनच सुरू होतो. विहिरीपर्यंत वाट बघितली जात नाही.

आणि खर्च? कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरानं डीबीसीपी बनवणाऱ्या कंपन्यांना कोर्टात खेचलं आणि १९९५ मधल्या तडजोडीत पाणी कोळशातून गाळण्याचा खर्च त्यांच्यावर टाकला. चांगलं झालं, पण हे नुकसान झाल्यावरचं झालं, आणि कोर्टात जायची ऐपत असलेल्या शहराचं झालं. एकट्यादुकट्या विहिरीवर जगणाऱ्या कुटुंबाचं काय? अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक खासगी विहिरींचं पाणी पितात आणि तिथला पिण्याच्या पाण्याचा केंद्रीय कायदा त्यांना लागूच होत नाही. जगभरात घरगुती वापराचं सुमारे निम्मं पाणी जमिनीखालून येतं. त्यातल्या असंख्य विहिरी कुणाच्याच यादीत नाहीत. म्हणून औषधाच्या विक्रीवरच एक ठरावीक शुल्क हवं, आणि ते फक्त पाण्याच्या तपासणीसाठी राखून ठेवलेलं हवं. नवं रसायन बाजारात आणणाऱ्यानं त्याचे विघटित अंश कोणते आणि ते पाण्यात कसे मोजायचे, याची पद्धत आणि तुलनेसाठी लागणारा शुद्ध प्रमाण नमुना सरकारी प्रयोगशाळांना दिल्याशिवाय विक्रीला परवानगी मिळू नये. ज्यानं रेणू घडवला त्यालाच तो कसा सापडतो हे सगळ्यात आधी माहीत असतं.

हे सगळं वाचून बोट शेतकऱ्याकडे जाईल, तर माझं लिहिणं फसलं असं मी समजेन. त्यानं लेबलवर लिहिलेलं औषध लेबलवर लिहिलेल्या प्रमाणात मारलं, आणि ती विहीर बहुतेकदा त्याचीच आहे. तिचं पाणी सगळ्यात आधी त्याच्याच घरात जातं. नोंदी ठेवण्याचं ओझं एकट्या त्याच्यावर टाकलं तर तो खोटं लिहील, आणि मी त्याला दोष देणार नाही. विक्रीच्या नोंदी दुकानात आधीच असतात. त्या तपासणीच्या यंत्रणेपर्यंत पोचवणं हे कारकुनी काम आहे.

बाटलीसोबत प्रयोगशाळेत एक कागद जातो. त्यावर ठिकाण, खोली, तारीख, वेळ आणि नमुना घेणाऱ्याची सही असते. त्यावर आणखी तीन रकाने वाढवावेत. या विहिरीच्या वरच्या शेतांसाठी गेल्या तीस वर्षांत कोणती औषधं विकली गेली, त्यातली कोणती शोधली, आणि कोणती शोधली नाहीत. पहिला रकाना विक्रीच्या नोंदींवरून भरता येईल, दुसरा प्रयोगशाळा भरेल. तिसऱ्याला सगळे विरोध करतील, कारण तो भरला की ‘पिण्यास योग्य’ हा शिक्का मारताना हात थबकेल. तरी तिसरा रकाना हवाच, आणि तो शिक्क्याच्या वर, शिक्क्याइतक्याच मोठ्या अक्षरात छापलेला हवा.